परदेशातील किनारा आणि भाड्याची मोटार

कोकणात जाताना पुण्याच्या कुटुंबाला गाडीचा प्रश्न कधी पडत नाही. मागे थेपल्यांचे आणि खाकऱ्यांचे डबे ठेवायचे, ताम्हिणी घाट उतरायचा आणि वाटेल तेथे थांबायचे. हीच सवय घेऊन व्यापारी कुटुंबे आता परदेशातील किनाऱ्याचे बेत आखतात. तिकिटे आणि खोल्या ठरल्या की घरातील तरुण मुलगा हमखास सुचवतो, ‘‘पप्पा, तिथे गाडी भाड्याने घेऊ, चालवतो मी.’’ वडील दिवसाचा दर विचारतात, दर परवडणारा वाटतो आणि होकार मिळतो. वस्तुतः दर हा या व्यवहारातील सर्वांत लहान आकडा असतो.

उदाहरणादाखल मॉरिशस घ्यावे. मुंबईहून थेट विमान आहे, वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात आणि एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे नांदतात. सारे ओळखीचे वाटावे असेच आहे. बेट सुमारे 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. पुणे ते महाबळेश्वर हे अंतरही त्याहून अधिक भरते. नकाशा पाहून कुटुंबाला वाटते, सकाळी निघून दुपारपर्यंत सारे बेट पालथे घालता येईल.

प्रत्यक्षात विमानतळ आग्नेय टोकाला आहे आणि पर्यटकांच्या आवडीचे ग्रँड बे उत्तरेला. या दोहोंना जोडणारा हमरस्ता उत्तम आहे. पण तो सोडला की गावांतून जाणारे अरुंद रस्ते लागतात. कित्येक ठिकाणी पदपथ नसतो, दगडी कुंपण किंवा उभा ऊस थेट रस्त्याच्या कडेला भिडलेला असतो. चौकाचौकांत वर्तुळे आहेत आणि तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. हा नियम पुण्यातही आहे, असे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. ग्रँड बेहून शामारेलच्या सप्तरंगी मातीपर्यंत जाण्यास दीड तासाहून अधिक वेळ लागतो, आणि शेवटचा टप्पा घाटवळणांचा आहे.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपली सुटी मे महिन्यात असते आणि मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेव्हा तेथे हिवाळा लागलेला असतो. पुण्यात मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. तेथे तो पावणेसहाच्या सुमारास मावळतो. ज्या घरात आजी-आजोबांचा चौविहार आहे, तेथे पाच वाजेपर्यंत पाने मांडलेली हवीत. म्हणजे शामारेलहून दोन-अडीच वाजताच परतीला लागणे भाग आहे. उशीर झाला तर मुलगा वेग वाढवणार, तोही अनोळखी अरुंद रस्त्यावर, मागे वृद्ध आई-वडील आणि मुले बसलेली असताना. हा धोका कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो. दुपारचा डबा सोबत घेऊन संध्याकाळचे जेवण वाटेतच उरकण्याची सोय आधी केली, तरच हा दिवस शांतपणे पार पडतो.

आता हिशेब. आजी-आजोबा, मुलगा-सून, धाकटा मुलगा आणि दोन नातवंडे असे सात जण, मुक्काम सात दिवसांचा. पहिला आणि शेवटचा दिवस विमानाचा. एक दिवस त्रू दो दूसहून बोटीने इल ओ सेर्फ बेटावर जाण्याचा. त्या दिवशी मोटार किनाऱ्यावर उभी. दोन दिवस मुले पाण्यातून बाहेर येणार नाहीत. तेव्हाही मोटार उभीच. खऱ्या अर्थाने ती धावणार दोन दिवस, आणि भाडे मात्र सात दिवसांचे. गोदामात माल न ठेवता गोदामाचे भाडे कोणता व्यापारी भरील?

शिवाय सात आसनांच्या गाडीत सात माणसे बसली की मागे सामानाला जागा उरत नाही. खाद्यपदार्थांच्या पेट्यांसह विमानतळावर उतरलेल्या कुटुंबास हे तेथेच कळते. दोन लहान गाड्या घेतल्या तर खर्च दुप्पट, आणि दुसरी चालवणार कोण? मॉरिशसमध्ये पोर्ट लुई ते क्यूरपीप अशी मेट्रो आहे, पण पर्यटकांच्या समुद्रकिनाऱ्यांपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून विमानतळाची ने-आण आणि दूरचा एक दिवस यांसाठी चालकासह मोठे वाहन ठरवावे, आणि मुलाला हौसच असेल तर पाम्पलमूसची बाग, पोर्ट लुई अशा जवळच्या फेरीसाठी एक-दोन दिवस लहान गाडी घ्यावी, हा मार्ग बहुतेक एकत्र कुटुंबांना सोयीचा ठरेल. दोघेच पती-पत्नी असतील तर गोष्ट वेगळी. त्यांनी खुशाल सातही दिवस गाडी ठेवावी.

चालवणाऱ्याचाही विचार व्हावा. वर्षभर दुकान सांभाळणारा मुलगा सुटीत सर्वांचा सारथी झाला, तर समुद्र त्याच्या वाट्याला काचेतूनच येतो. जेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, उदाहरणार्थ दुबई, ग्रीस किंवा इटली, तेथे हा ताण कितीतरी वाढतो. तेथे पहिल्यांदाच जाणाऱ्याने वृद्धांना घेऊन चाक हाती धरू नये, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

गाडी घ्यायचीच ठरली तर कागद आधी तयार करावेत. आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर करता येतो. पुण्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ आहे. शुल्क 1000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. सोबत मूळ परवाना न्यावाच लागतो, आणि त्यावरील नाव पारपत्राशी जुळले पाहिजे.

व्यापारी घरांत खरी अडचण येते ती कार्डाची. क्रेडिट कार्ड वडिलांच्या नावे, गाडी चालवणार मुलगा. भाड्याने गाडी देणाऱ्या बहुतेक कंपन्या मुख्य चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. 12 फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झाले आहे, तथापि अनामतीसाठी तेवढ्यावर विसंबून राहू नये. अनामतीची रक्कम कार्डावर अडवून ठेवली जाते. खात्यातून जात नाही, पण तेवढी मर्यादा कमी होते आणि हॉटेलचे बिल देताना कार्ड नाकारले जाऊ शकते. यंत्राने रुपयांत रक्कम घेऊ का, असे विचारले तर तेथील चलनच निवडावे. रुपयांतील दर सहसा महाग पडतो.

विम्याच्या करारात, नुकसानीचा पहिला हिस्सा किती रकमेपर्यंत आपण सोसायचा, हे लिहिलेले असते. दैनिक दर कमी असेल तेथे हा आकडा बहुधा मोठा असतो. टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग अनेकदा विम्यातून वगळलेले असतात, आणि करारात नाव नसलेल्या भावाने गाडी चालवली तर सारेच संरक्षण जाऊ शकते. ताब्यात घेताना आणि परत करताना चारही बाजूंची, इंधनाच्या काट्याची आणि किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे काढावीत. परत केल्याची सहीची पावती, अनामत मोकळी होऊन कार्डाच्या विवरणपत्रात तशी नोंद दिसेपर्यंत, फाइलमध्ये जपून ठेवावी.