आधी मीटरचा पासंग पाहा



तागडीवर माल घेणारा जुना माणूस दुकानदाराला पहिल्यांदा म्हणायचा, "आधी रिकामी तागडी उचल." पारडी रिकामी असताना काटा मधोमध राहिला तरच पुढचा व्यवहार. नाही राहिला, तर पासंग आहे हे आपल्या आजीलाही कळत होते. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, ते तपासायची मीटर डिजिटल झाली. पासंग मात्र गेला नाही. तो फक्त डोळ्यांना दिसेनासा झाला.

मागे एका हंगामात आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. पहाटेची वेळ, यार्डात गाड्यांची रांग. काट्याबद्दल कुणीतरी शंका काढली म्हणून लॅबमधले साडेसहा अंकी मल्टिमीटर काटाघरात आणले आणि लगेच सुरू करून लोडसेलचा सिग्नल मोजला. रिकाम्या काट्याचा आकडा रजिस्टरमधल्या आकड्यापेक्षा १२ मायक्रोव्होल्ट जास्त! झाले, "काटा सरकला" अशी बोलवा उठली. सील तोडून काटा उघडायची भाषा सुरू झाली.

१२ मायक्रोव्होल्ट म्हणजे किती, हे आधी समजून घेऊ. समजा, काट्याखाली ३० टनी सहा लोडसेल आहेत. १० व्होल्ट पुरवठ्यावर असा लोडसेल पूर्ण भाराला साधारण २० मिलिव्होल्ट देतो. सहाही समांतर जोडले की १८० टनांना २० मिलिव्होल्ट, म्हणजे एका मायक्रोव्होल्टला ९ किलो. १२ मायक्रोव्होल्टचे झाले १०८ किलो. शेतकऱ्याच्या पोटात गोळा येणारच.

तेवढ्यात आमच्यातला एक जुना वायरमन म्हणाला, "अहो, आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावून बघा की!" लावल्या. शून्य दिसायला हवे तिथे मीटर १२ दाखवत होते. काटा निर्दोष होता, पासंग मीटरचाच होता.

कारणे साधी होती. मीटर थंड खोलीतून आणलेले. असे मीटर स्थिर व्हायला साधारण तासभर लागतो, तेवढा धीर कुणी धरला नव्हता. प्रोबची टोके काळी पडलेली. दोन निरनिराळ्या धातूंचा सांधा एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला थंड असला की तिथे आपोआप थोडा व्होल्टेज तयार होतो. स्वच्छ तांब्याला तांबे लावले तर अंशाला मायक्रोव्होल्टचा काही हिस्साच, पण तांब्यावर ऑक्साइडचा थर असेल तर अंशाला हजार मायक्रोव्होल्टपर्यंत. हातात धरलेली क्लिप गरम होते, तेवढेही पुरते. टोके घासून स्वच्छ केली, तास थांबलो, शून्य एका मायक्रोव्होल्टच्या आत आले. काट्याचा आकडाही रजिस्टरशी जुळला.

कुणी म्हणेल, मीटरला ऑटो-झिरो असतो ना? असतो, पण तो मीटरच्या पोटातला पासंग काढतो. वायरीत आणि सांध्यात तयार झालेला त्याला दिसत नाही. मग 'नल'चे बटण दाबायचे? दाबा, पण किती वजा केले ते लिहून ठेवा. आकडा न लिहिता बटण दाबणे म्हणजे पारड्याखाली गुपचूप खडा चिकटवणे. आणि शंका राहिलीच तर प्रोब उलटसुलट करून दोनदा मोजा. तागडीत मालाचे आणि वजनाचे पारडे बदलतात, तसेच हे. चिन्ह सोडून दोन आकड्यांत जो फरक पडेल, त्याचा निम्मा पासंग.

आता काट्याचा स्वतःचा पासंग. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी एकाच काट्यावर जोखली, तर कायमचा पासंग वजाबाकीत निघून जातो. धोका आहे तो सरकणाऱ्या पासंगाचा. भरलेली गाडी पहाटेच्या थंडीत, रिकामी दुपारच्या उन्हात, आणि मधल्या वेळात शून्य हलले, तर ते थेट आपल्या वजनात येते. म्हणून काटा तपासायलाच हवा, पण स्वतः तपासून घेतलेल्या मीटरने. त्या दिवशी चुकीच्या मीटरच्या सांगण्यावरून सील तोडले असते, तर वैधमापन खात्याची फेरपडताळणी होईपर्यंत काटा बंद, आणि तोवर यार्डात ऊस वाळून हलका. नुकसान कुणाचे? आपलेच.

माझे स्पष्ट मत असे. काट्याच्या कामाला मीटर हातात घेण्याआधी ते तासभर तापवावे, वायरी जोडून शून्य पाहावे आणि तो आकडा, वेळ, सही रजिस्टरमध्ये लिहावी. ते रजिस्टर काटाघरातच टांगावे, कुणाही सभासदाला उघडून पाहता यावे. यात एक तास जातो हे खरे. पण "काटा मारतात" ही कुजबूज एकदा गावात पसरली, की ती निस्तरायला वर्षे जातात. आणि ती कुजबूज खरी की खोटी, हे ठरवायला आपल्याजवळ लिहिलेल्या शून्याखेरीज दुसरा पुरावा नसतो.

पटले तर अंमलात आणू या, नाही पटले तर वार्षिक सभेत उभे राहून सांगा.

— इन्स्ट्रुमेंट विभागातील एक कामगार व ऊस उत्पादक सभासद