कॉइल बदलून झाली, आता पाणी तपासा!

मंडळी, थंडी पडली की आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात दोन माणसांना उसंत नसते. एक केळीला थंडीचा फटका बसू नये म्हणून धडपडणारा शेतकरी आणि दुसरा गिझर दुरुस्त करणारा इलेक्ट्रिशियन. "भाऊ, पाणी तापत नाही, लवकर ये" असे फोन त्याला सकाळपासून सुरू होतात. तो येतो, कॉइल बदलतो, पैसे घेतो. पुढच्या हिवाळ्यात परत तेच. मग आपण म्हणतो, कंपनी भंगार, नाहीतर मेकॅनिक लुटारू.

माझं मत वेगळं आहे. कॉइल का जळली, हे कुणी शोधतच नाही. आणि ते कारण बऱ्याचदा गिझरच्या बाहेर असतं.

आपल्याकडे कित्येक घरांत बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी येतं. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरं साचतं, पातेल्याला थर बसतो. पाण्यात विरघळलेला चुना तापल्यावर बाहेर पडतो आणि गरम कॉइलवर दगडासारखा चिकटतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात उतरत नाही. पाणी उशिरा तापतं, वीजबिल वाढतं, कॉइल आतल्या आत जास्त तापून जळते. नवीन कॉइल टाकली तरी पाणी तेच, म्हणून तिचीही गत तीच.

हे आपल्याला कळत नाही असं थोडंच आहे? ठिबकच्या नळ्या चुन्याने बुजतात म्हणून आपण त्यात आम्ल सोडतो. केळीच्या बागेतलं हे शहाणपण न्हाणीघराच्या दाराशी येऊन का थांबतं? शेजारी दीपनगरला बघा. वीज केंद्रातल्या बॉयलरमध्ये साधं पाणी घालतच नाहीत, क्षार काढून टाकलेलं पाणी घालतात. शिवाय अशा बॉयलरच्या तपासणीसाठी १९२३ पासून कायदा होता, २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. तपासणी आणि प्रमाणपत्र नसेल तर बॉयलर चालवता येत नाही. घरच्या गिझरला हा कायदा लागू नाही, म्हणजे त्याचे तपासनीस आपणच.

तर तक्रार आली की आधी लक्षण ओळखा. हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

१) दिवाच लागत नसेल तर एमसीबी, स्विच आणि प्लग बघा. प्लग काळा पडलाय का? २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं. टीव्हीच्या बोर्डावर तो चालवू नका.

२) दिवा लागतो पण पाणी थंडच, तर थर्मोस्टॅट, कटआउट किंवा कॉइल. कटआउट पडला असेल तर तो का पडला हे विचारा, नुसता दाबून सोडून देऊ नका.

३) पाणी तापतं पण वेळ फार लागतो, तर बहुतेक थर साचलाय. थंडीच्या आधी वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर ती बदला, टाकी गंजू नये म्हणूनच ती असते. आणि तापमान ५०-५५ अंशांवर ठेवा. पाणी जितकं कडक तापवाल तितका थर लवकर बसतो.

४) चालू केल्यावर ईएलसीबी किंवा आरसीसीबी पडत असेल तर करंट उतरतोय. "तेवढं बायपास कर ना भाऊ" हे वाक्य कुणीही उच्चारू नये. तो खटका तुमच्या लेकराच्या जिवासाठी पडतोय.

५) सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब गळत असतील तर ती खराबी असेलच असं नाही. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट लागते. धार लागली तर व्हॉल्व्ह बदला, पण बूच मारून तो बंद केला तर तुम्ही घरात बॉम्ब टांगलाय.

आणि अर्थिंग! घर लाखांचं, फरशी चकाचक, अन् अर्थिंगची तार भिंतीत नुसतीच लोंबकळत. बादलीत रॉड टाकणाऱ्यांनी तर पाणी तापलं का हे चालू रॉड असताना बोट घालून बघूच नये.

गॅस गिझरचं वेगळं. पेटत नसेल तर आधी सेल बदला आणि पाण्याचा दाब बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की जळण नीट होत नाही, वापर थांबवा. बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, गरगरतं, माणूस कोसळतो. अंघोळीला गेलेली मुलगी बाहेर आलीच नाही, अशी बातमी आपण हिवाळ्यात वाचतो, हळहळतो आणि पुढे जातो. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर उघड्या हवेत लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. ब्रिटनमध्ये घर भाड्याने देणाऱ्याला गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत कारागिराकडून तपासणी करून घ्यावीच लागते. आपल्याकडे भाडेकरूला गिझर दाखवतात, पण खिडकी आहे का, हे कुणी विचारत नाही.

आता सार्वजनिक भाग. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. आपल्या वॉर्डात, आपल्या गावात हा आकडा किती? जलजीवन मिशनमध्ये गावागावांत ५ महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि किट द्यायचं ठरलेलं आहे, त्यात कठीणपणाचीही चाचणी असते. मग तो आकडा कागदात का राहतो? ग्रामपंचायतीने आणि नगरपंचायतीने तो दर तीन महिन्यांनी फलकावर लावावा. (टीडीएस मीटर दाखवून कुणी आरओ विकायला आला तर लक्षात ठेवा, टीडीएस आणि कठीणपणा एकच नाही.)

दुसरी मागणी. आयटीआयची वायरमन-इलेक्ट्रिशियनची पोरं शिक्षकांसोबत दिवाळीनंतर आठवडाभर गल्लोगल्ली अर्थिंग तपासायला निघाली तर त्यांना सराव मिळेल आणि आपल्याला जीव. खर्च किती? नगण्य.

नगरसेवक, सरपंच मंडळींना टॅग करा. आणि आज घरी गेल्यावर गिझरखाली उभं राहून व्हॉल्व्ह, अर्थिंगची तार आणि खिडकी एवढं तरी बघा. काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे आपल्या गावाची परिस्थिती आपल्यालाच कळेल.