देवनागरीला उगाच तिरके करू नका

मराठी मजकुरात एखाद्या शब्दावर भर द्यायचा झाला की संगणकावर ‘इटॅलिक’चे बटण दाबले जाते. ही सवय सोडायला हवी. इटॅलिक म्हणजे केवळ कललेले अक्षर नव्हे. इटलीतील विद्वानांच्या जलद हस्ताक्षरावरून फ्रान्चेस्को ग्रिफो याने तो टाइप घडवला आणि व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतिउस यांनी १५०१मध्ये व्हर्जिलचे काव्य त्यात छापले. तो संपूर्ण पुस्तकाचा टाइप होता. भर देण्याचे काम त्याच्याकडे पुढे आले. उत्तम रोमन इटॅलिकमध्ये ‘ए’, ‘एफ’ यांची वळणेच बदलतात. देवनागरीसाठी असे वेगळे वळण बहुधा घडवलेलेच नसते. संगणक उभे अक्षर नुसते ढकलून वाकवतो. आडवी शिरोरेषा आणि उभा दंड यांचा काटकोन मोडतो, बोरूतून आलेला जाड-बारीक रेषांचा तोल बिघडतो.

मग ग्रंथनामे आणि महत्त्वाचे शब्द वेगळे कसे दाखवायचे, असा आक्षेप येईल. त्यासाठी अवतरणचिन्हे आणि ठळक टाइप आहेत. शिवाय मराठीत ‘च’ आहे: ‘तोच आला’ आणि ‘तो आलाच’ यांत जोर कुठे आहे हे टाइप न बदलताही कळते. हाताने लिहिताना अक्षरे कलतातच, हेही खरे. पण हात कलतो तेव्हा अक्षराचे वळणही बदलते. मोडीच्या प्रवाही वळणांचा अभ्यास करून कुणी देवनागरीचा खरा जलद टाइप घडवला, तर त्याचे स्वागतच करावे. तोवर आपली अक्षरे ताठ उभी राहू द्यावीत.