जमीन ओळखून यंत्र घ्यावें

बीं-बियाणें घेतांना जो शेतकरी आपल्या जमिनीची जात प्रथम पाहतो, तोच यंत्र घेतांना मात्र जाहिरातींतील आंकड्यांवर विसंबून राहतो, ही गोष्ट चमत्कारिक असली तरी नित्याच्या अनुभवाची आहे. मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक यंत्र, याविषयीं तर ती विशेषच खरी आहे. जमिनींत गडप झालेलीं जुनीं नाणीं, बंदुकीच्या गोळ्या, बक्कलें, अवजारांचे तुकडे वगैरे हुडकण्याच्या या यंत्रांचा प्रसार अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत फार झाला असून आपल्याकडेही तीं विकत मिळूं लागलीं आहेत. उत्तम यंत्र कोणतें, असा प्रश्न केला असतां विक्रेते पुष्कळ उत्तरें देतात. आमच्या मतें मूळ प्रश्नच अर्धा विचारला जातो. यंत्र कोणत्या जमिनीवर चालवावयाचें आहे, हें सांगितल्यावांचून त्यास उत्तर देतां येत नाहीं.

यंत्राचें तत्त्व कठीण नाहीं. दांड्याच्या टोंकास थाळीसारखा जो भाग असतो, त्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. एका वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह सोडिला म्हणजे भोंवतालीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. त्या क्षेत्रांत धातु आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात, व त्यांचा प्रतिसाद दुसरें वेटोळें टिपून घेतें. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनीं याच तत्त्वावर यंत्र रचिलें होतें. गोळी कांहीं सांपडली नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पोलिश अधिकारी कोसाट्स्की यांनीं बनविलेला सुरुंगशोधक १९४२ सालीं एल अलामीनच्या रणांगणावर वापरला गेला, आणि हल्लींचीं यंत्रें हीं त्याच वंशांतील होत.

अडचण उत्पन्न होते ती मातीमुळें. माती म्हणजे धातूवर घातलेलें निर्जीव पांघरूण, अशी पुष्कळांची समजूत दिसते. परंतु लोहखनिजें असलेली माती यंत्राशीं स्वतः बोलते. मॅग्नेटाइट नामक काळें खनिज चुंबकीय क्षेत्रास तत्काळ प्रतिसाद देतें. त्याचें ऑक्सिडीकरण होऊन बनणारें मॅघेमाइट, विशेषतः त्याचे अतिसूक्ष्म कण, थोडा विलंब लावून प्रतिसाद देतात. आणि विलंब लावणें हा तर धातूचा गुण, ज्यावरून यंत्र त्यास ओळखतें! जेथें पूर्वीं चुली, भट्ट्या असतील किंवा वरचेवर राब जाळला असेल, तेथील माती भाजल्यामुळें वरच्या थरांत हा दोष अधिक आढळतो.

वाणी माल तोलण्यापूर्वीं तराजूचा पासंग काढतो, त्याचप्रमाणें यंत्रांत मातीचा प्रतिसाद वजा करण्याची सोय असते. थाळी स्वच्छ जागेवर वरखालीं हालवून हें साधावयाचें असतें. पासंग एकदां काढला आणि दिवसभर तोच राहिला तर तक्रार नाहीं. पण वाईट जमिनींत तो पावलोपावलीं बदलतो. शिवाय धातूची जात सांगण्याचें काम यंत्र प्रतिसादाच्या विलंबावरून करीत असल्यामुळें, मातीचा आवाज वस्तूच्या आवाजांत मिसळला म्हणजे खोलवरची शिशाची गोळी पडद्यावर लोखंडाचा खिळा म्हणून दिसते. शोधणारा तें पाहून पुढें जातो. यंत्र मुकें राहिलें असतें तर निदान त्याचा संशय तरी आला असता; येथें तें आत्मविश्वासानें खोटें सांगतें, हा खरा धोका आहे.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत कल्पेपर नांवाचा परगणा आहे. तेथें ब्रँडी स्टेशन या गांवाजवळ ९ जून १८६३ रोजीं घोडदळांची मोठी लढाई झाली, व त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत उत्तरेकडील फौजेचा तळ पुढील मे महिन्यापर्यंत त्या टापूंत पडून होता. सुमारें एक लाख माणसें एका ठिकाणीं महिनेच्या महिने राहिल्यावर गुंड्या, गोळ्या, बिल्ले यांची किती सांडलवंड झाली असेल! ती सगळी आज तेथील शेतकऱ्यांच्या कुरणांत व शेतांत आहे, आणि त्यांची परवानगी घेऊन हौशी लोक ती शोधीत असतात. पण त्या परगण्यांत तांबड्या मातीचे पट्टे आहेत, आणि त्या खालच्या खडकांत डायाबेस नामक काळा अग्निजन्य पाषाण जागोजाग घुसलेला आहे. नेहमींचीं एकाच लहरीवर चालणारीं यंत्रें चार-सहा इंचांखालील गोळी तेथें ओळखूं शकत नाहींत, असा तेथील शोधकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. तेंच यंत्र दुसरीकडे, निरुपद्रवी मातींत, याच्या दुप्पट खोलीवर बिनचूक चालतें. यंत्र एकच असून जमीन बदलतांच त्याची किंमत अर्धी होते.

अशा जागीं ज्यांनीं यश मिळविलें त्यांनीं बहुतेक पल्स इंडक्शन जातीचीं यंत्रें वापरलीं. यांत प्रवाह सतत वाहत नाहीं. तो क्षणभर सोडून एकदम तोडतात, आणि दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबून मग ऐकतात. घंटेवर टोला मारून टोल्याचा खणखणाट ओसरल्यावर मागें राहिलेला नाद ऐकावा, तसा हा प्रकार आहे. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद प्रवाहाबरोबरच संपतो. मॅघेमाइटचा थोडा रेंगाळतो, पण तो ठराविक रीतीनें उतरत असल्यामुळें निरनिराळ्या क्षणीं मापें घेऊन वजा करतां येतो. ऑस्ट्रेलियांतील लोहयुक्त तांबड्या मातींत सोनें शोधणाऱ्यांकरितां मायनलॅब कंपनीनें १९९५ सालीं काढलेलें एसडी २००० हें या पद्धतीचें प्रसिद्ध यंत्र होय. त्याच घराण्यांतील जीपीएक्स मालिका पुढें व्हर्जिनियाच्या शेतांत पोहोंचली. गॅरेट कंपनीचें २०२२ सालचें ॲक्झिअम हेंही याच जातीचें आहे.

मग सर्वांनीं हेंच घ्यावें काय? आमचें मत तसें नाहीं. पल्स यंत्रास लोखंड व इतर धातु यांतील भेद भरंवशानें करतां येत नाहीं. कांहींत उथळ लोखंड गाळण्याची युक्ति असते, परंतु खोलीवर तिचा विश्वास धरूं नये. सैन्याच्या तळावर, जेथें गोळ्या पुष्कळ व खिळे कमी, तेथें प्रत्येक आवाजास खणणें परवडतें. मोडक्या वाड्याच्या जागेवर, जेथें ओंजळभर मातींत दहा खिळे निघतात, तेथें हेंच यंत्र माणसास दिवसभर खिळे वेंचावयास लावील. तशा ठिकाणीं एकाच वेळीं अनेक लहरी सोडणारें यंत्र, उदाहरणार्थ २०१८ सालीं विक्रीस आलेलें एक्विनॉक्स किंवा त्याच्या तोडीचें दुसरें, लहान थाळी लावून सावकाश चालविणें अधिक शहाणपणाचें. थाळी लहान म्हणजे एका वेळीं तिच्याखालीं येणारी माती कमी, आणि मातीच जर शत्रु असेल तर ती कमी आलेली बरी. थाळ्यांतही ‘डबल-डी’ नांवाची रचना अशा जमिनींत जुन्या एककेंद्री रचनेपेक्षां शांत चालते. किंमतीचा फरकही लक्षांत घ्यावा: अनेक-लहरी यंत्रें हजार डॉलरांच्या आंतबाहेर मिळतात, तर चांगल्या पल्स यंत्रास चार हजार व त्याहून अधिक पडतात. संवेदनक्षमतेचा कांटा शेवटपर्यंत फिरविला म्हणजे खोली वाढते, हा भ्रम मात्र दोन्हींविषयीं सोडावा. वाईट जमिनींत कांटा मागें घेतल्यानेंच अधिक ऐकूं येतें.

हा कल्पेपरचा खडक आपणांस परका नाहीं. डायाबेस व आपला दख्खनचा काळा पाषाण हे रासायनिक घटनेनें भाऊभाऊ आहेत. एक जमिनीच्या पोटांत थिजला, दुसरा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृष्ठावर पसरला. मॅग्नेटाइट दोहोंतही आहे. त्यामुळें देशावरची काळी जमीन काय किंवा कोंकणांतील जांभ्याची तांबडी माती काय, परदेशच्या जाहिरातींतील इंच येथें जसेच्या तसे मिळतील अशी आशा धरूं नये. परीक्षा घरच्या घरीं होते. लोहचुंबक कागदांत गुंडाळून कोरड्या मातींतून ओढावें. काळ्या कणांची दाट मिशी फुटली तर समजावें कीं साधें यंत्र येथें चांचरणार. नंतर, यंत्र विकत घेण्यापूर्वीं मागून आणून, शिशाचा तुकडा सहा इंच पुरून ऐकून पाहावें. एकदां कोरड्यांत आणि एकदां पावसानंतर. चोपण जमिनींत किंवा नुकतीं रासायनिक खतें दिलेल्या ओल्या रानांत क्षारांचा निराळाच आवाज उठतो, तो लोहखनिजाच्या माथीं मारूं नये. काळ्या जमिनीची आणखी एक खोड शेतकऱ्यांस सांगावयास नको: उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात आणि वरची वस्तु हातभर खालीं जाते. तेव्हां अमुक खोलीवर सांपडली म्हणून ती अमुक इतकी जुनी, हा हिशेब येथें लागू पडत नाहीं.

यंत्राच्या नांवावर जे निवळ कांडीबहाद्दर फिरतात त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. दूरवरून सोनें दाखविणाऱ्या, हातांत धरावयाच्या तारा व दांड्या यांत कोणतेंही शास्त्र नाहीं. इंग्लंडांत मॅककॉर्मिक नांवाच्या गृहस्थानें अशाच पोकळ कांड्या बाँबशोधक म्हणून इराकांत विकल्या, व २०१३ सालीं त्यास दहा वर्षांची कैद झाली. गुप्तधनाच्या नादानें ज्यांनीं बैलजोडी विकली अशीं घरें आपल्याकडे थोडीं नाहींत. त्यांत या नव्या मांत्रिकांची भर नको.

कायद्याची बाजूही यंत्राइतकीच महत्त्वाची. भारतीय निखात निधि अधिनियम १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी खबर देणें त्याअन्वयें शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. खबर न देणाऱ्याचा वांटा बुडतो व एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. दडविण्यास साह्य करणारा जमीनमालकही सुटत नाहीं. ठेवा बेवारशी ठरल्यास, दोघांत अन्य करार नसेल तर, तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे व उरलेला मालकाचा, अशी वांटणी त्यांत सांगितली आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारांत तर परवानगीवांचून कुदळ लावणेंच मना आहे. हे निर्बंध जाचक वाटणाऱ्यांनीं इंग्लंडांतील हॉक्सन गांवची हकीगत पाहावी. १९९२ सालीं तेथील एका कुळाचा हातोडा शेतांत हरवला. तो शोधावयास एरिक लॉज हे यंत्र घेऊन आले, आणि रोमन काळचीं नाणीं लागलीं. त्यांनीं सगळें उकरून न काढतां खबर दिली. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं पद्धतशीर खणल्यामुळें जवळजवळ पंधरा हजार नाणीं, आणि तीं कोणत्या पेटींत कशीं रचिलीं होतीं याचा इतिहासही हातीं आला. बक्षिसाची पावणेदोन दशलक्ष पौंडांची रक्कम लॉज यांनीं त्या शेतकऱ्याबरोबर वांटून घेतली. हातोडाही सांपडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

आपल्या शेतांत कोणी यंत्र घेऊन फिरावयाची परवानगी मागितली, तर ती तोंडीं देऊं नये. कोणत्या गटांत, किती दिवस, नांगराच्या तासाखालीं जावयाचें कीं नाहीं, आणि कांहीं निघाल्यास खबर कोण देणार, हें कागदावर घ्यावें. नांगरटीच्या थरांतील वस्तु आधींच हललेली असते. त्याखालीं लागलें तर हात थांबवावा आणि पुराणवस्तु खात्याच्या माणसास बोलवावें. खड्डे त्याच सायंकाळीं बुजवून घ्यावे. रात्रीं सुटलेल्या बैलाचा पाय त्यांत जाण्यास वेळ लागत नाहीं.