'सोनं झालं' म्हणू नका

आपल्याकडे वय झालेलं माणूस गेलं की भेटायला येणारे एक वाक्य हमखास बोलतात. "सोनं झालं हो त्यांचं." नव्वदी पार केली, नातवंडं-पतवंडं पाहिली, अंथरुणाला फार खिळले नाहीत... आणखी काय हवं? बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मलाही कळतं. पण या दोन शब्दांनी विषयच संपतो. गेलेल्या माणसाबद्दल पुढे कुणी काही विचारत नाही. आणि रडणारी जर सून असेल, तर तिला वर आणखी एक वाक्य ऐकावं लागतं. "तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? सासरेच तर होते ना!"

माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे.

माझे सासरे डिसेंबर २०१५ मध्ये गेले, एक्याण्णवाव्या वर्षी. मी त्यांना मामंजी म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. त्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. जे जिवंत परत आले त्यांचे पुतळे नसतात. ते घरी येतात, नोकरी शोधतात, लग्न करतात.

मामंजींनी नोकरी शोधली ती मुंबईच्या अग्निशमन दलात. १९८२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. आळीतली मुलं त्यांना 'बंबवाले आजोबा' म्हणायची. इटली स्टार हे पदक पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी पडलेलं असायचं. नातवंडांनी "आजोबा, लढाईत किती माणसं मारली?" असं विचारलं की ते उठून गॅलरीत जायचे. पण "आगीतून किती काढली?" विचारलं की मांडी ठोकून बसायचे!

१४ एप्रिल हा त्यांचा दिवस. १९४४ साली या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात दारूगोळाही होता आणि कापसाच्या गाठीही. दुपारी चारनंतर एकापाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. मामंजी तेव्हा फौजेत होते, पण पुढे दलात आल्यावर त्या आगीतून वाचलेल्या जुन्या लोकांच्या हाताखाली ते शिकले. त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते दोन मिनिटं उभे राहायचे. कुणाला सांगायचे नाहीत, कुणाला बोलवायचे नाहीत.

मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले, तेव्हा ते दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. रात्री जेवले नाहीत. नव्वदीतला म्हातारा आपल्या नातवाच्या वयाच्या माणसांसाठी रडत होता. त्यांना कुणी विचारलं नाही की ही तुमची कोण.

घरात ते मला शिकवत राहिले. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, झाकण ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. धूर झाला तर ओणवं होऊन, जमिनीलगत सरकत बाहेर पडायचं, कारण आगीच्या आधी धूरच माणसाला मारतो. जिन्यात सायकल, चपलांचं कपाट, जुनी गादी, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. यावरून शेजाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. मी शाळेत शिकवत होते, मुलं लहान होती. रात्रपाळी करून आलेला हा माणूस न झोपता नातवाला बालवाडीत सोडून यायचा. "सूनबाई, तुझा वर्ग चुकवू नकोस," एवढंच म्हणायचा.

आता हिशोब मांडते, शेवटी मास्तरीणच मी. माहेरी मी तेवीस वर्षं राहिले. मामंजींबरोबर एका छपराखाली बेचाळीस. मग दुःख कुणाचं जास्त, हे रक्तावरून ठरवायचं की एकत्र घालवलेल्या वर्षांवरून? भेटायला येणारे मुलांजवळ बसतात, मुलींना जवळ घेतात. सून आत चहा टाकत असते. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर लोकांना ती रीत वाटते. माझ्या मते तिलाही बाहेर बसवावं, चहाचं कुणीतरी दुसऱ्याने बघावं. शेवटच्या वर्षांत त्यांचं पथ्यपाणी, औषधाच्या वेळा, रात्रीचा खोकला, हे सगळं पुष्कळदा तिलाच ठाऊक असतं.

आणि वय झालं होतं म्हणून दुःख कमी होतं, हेही मला पटत नाही. माणूस जितकी वर्षं घरात, तितक्या जास्त जागा रिकाम्या होतात.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणाकडे भेटायला गेलात तर 'सोनं झालं' म्हणू नका. "त्यांचं काहीतरी सांगा ना," असं म्हणा. सुनेलाही विचारा. आणि घरी परतताना आपल्या इमारतीच्या जिन्यात काही अडगळ ठेवलेली दिसली, तर तेवढी काढून टाका.