मात्र आणि हाऊएव्हर

नांदेड-लातूरला खोली घेऊन क्लास करणारी आपली मुले गणित-विज्ञानाला रात्र रात्र देतात. इंग्रजी लिहायचा सराव मात्र राहून जातो. मग वहीत एक चूक हमखास दिसते: ‘द बस वॉज लेट, देअरफोर आय मिस्ड द पेपर.’ शब्द बरोबर, अर्थही बरोबर, तरी वाक्य चुकलेले!

असे का होते? मुलाच्या मनात मराठी वाक्य असते: ‘बस उशिरा आली, म्हणून पेपर हुकला.’ आपले ‘म्हणून’ हे उभयान्वयी अव्यय. दोन वाक्ये ते स्वतःच जोडते. ‘देअरफोर’ हे क्रियाविशेषण. ते दोन वाक्यांतले नाते सांगते, पण गाठ मारत नाही. गाठ अर्धविरामाने मारायची: ‘द बस वॉज लेट; देअरफोर, आय मिस्ड द पेपर.’ नाहीतर पूर्णविराम देऊन नवे वाक्य सुरू करावे. ‘सो’ घेतला तर स्वल्पविराम पुरतो. ही विरामचिन्हे मेजर कँडी यांनी १९व्या शतकात इंग्रजीवरूनच मराठीत रुळवली. पण अर्धविरामाला आपण अजून परकाच मानतो.

ओळखण्याची एक खूण आम्ही सांगतो. तो शब्द वाक्यात पुढे सरकवून पाहा. ‘मी मात्र घरी राहिलो’ यातला ‘मात्र’ कर्त्यानंतर बसतो. तसेच ‘आय, हाऊएव्हर, स्टेड ॲट होम.’ ‘बट’ असा सरकत नाही, आपला जोडणारा ‘पण’ही नाही. म्हणजे ‘हाऊएव्हर’ हा ‘पण’पेक्षा ‘मात्र’चा जवळचा नातलग. पाठ्यपुस्तकाच्या शब्दार्थात दोघांपुढे ‘परंतु’ छापतात, तिथेच घोळ होतो.

दुसरी खोड ‘जरी-तरी’ची. ‘दो ही वॉज इल, बट ही केम’ यात ‘बट’ जास्तीचा आहे. मराठीला जोडी लागते, इंग्रजीला एकच पुरतो.

हे फार बारीक वाटेल. पण केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देता येत असली, तरी इंग्रजीचा ३०० गुणांचा पात्रता पेपर चुकत नाही. त्यात २५ टक्के मिळाले नाहीत, तर बाकीचे पेपर मोजलेच जात नाहीत. तिथे निबंध आणि सारांश स्वतःच्या हाताने लिहावा लागतो.

गाइडमधली मुले प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडी ‘मोअरओव्हर’ घालतात. रजेच्या अर्जात त्याची काय गरज? तिथे ‘सो’ आणि ‘बट’ पुरतात.

पालकांपैकी अनेकांची इंग्रजी पाचवीपासून सुरू झाली. २००० पासून ती पहिलीपासून आली. तरी आईवडिलांनी संकोच करू नये. वही घ्या, ‘देअरफोर’ आणि ‘हाऊएव्हर’ शोधा. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य असून मधे नुसता स्वल्पविराम असेल, तर पेन्सिलीने त्यावर एक टिंब द्या. अर्धविराम तयार! आज रात्री हे वाक्य मुलांपुढे ठेवा: ‘द रोड टू अहमदपूर वॉज क्लोज्ड, हाऊएव्हर वी रीच्ड लातूर.’