मुलांच्या अद्भुताचा हिशेब

ऑक्सफर्डमधील गणिताचे अध्यापक लुईस कॅरॉल यांनी १८६५ साली ‘अ‍ॅलिस’ची अद्भुतकथा प्रसिद्ध केली. शतकानंतर, डिसेंबर १९६६ मध्ये, बीबीसीने तिच्यावरील जोनाथन मिलर यांचा कृष्णधवल दूरचित्रपट दाखविला. ससा, सुरवंट यांचे मुखवटे मिलर यांनी काढून टाकले; त्यांच्या जागी आली व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, आपल्याच तंद्रीत बोलणारी मोठी माणसे. मोठ्यांचे जग मुलाला किती विसंगत भासते, हा कथेचा गाभा त्यामुळे अधिकच उघड झाला. संगीत पंडित रविशंकर यांचे होते. अभिजात कृती देव्हाऱ्यात ठेवून टिकत नाही, प्रत्येक पिढीने ती नव्याने सांगावी लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठीलाही ही दृष्टी अपरिचित नाही. भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’ लिहून अ‍ॅलिसला आपल्या घरातली मुलगी केले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकिणीने बालप्रेक्षकांच्या पिढ्या हसविल्या. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ २०१७ साली चित्रपटगृहांत आला. तथापि घरातल्या पडद्यावर मराठी अद्भुतकथा तुरळकच का दिसावी?

कारण साधे आहे. चित्रपट मराठीत काढला काय किंवा इंग्रजीत, मूळ खर्च चुकत नाही. इंग्रजीत तो जगभरच्या प्रेक्षकांत विभागला जातो. मराठीत थोड्यांवर पडतो. उलट, परदेशी व्यंगपटावर हिंदी आवाज चढविण्यास त्या मानाने अत्यल्प खर्च येतो. शिवाय जाहिरातदार खिसे मोजतो आणि मुलांना खिसा नसतो. बाजार दुष्ट नाही. तो आपला हिशेब चोख ठेवतो, इतकेच.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत नाना प्रांतांतून कामगार आले. त्यांची मुले आणि इथली मराठी मुले एकाच आळीत वाढतात. शाळेबाहेर त्यांना मराठीची गोडी लावील असे एखादे नवल पडद्यावर दिसले, तर भाषेच्या सक्तीवरील अनेक भाषणांपेक्षा ते अधिक काम करील.

मुले हल्ली मोबाइलवर हवे ते पाहतात, असे कोणी म्हणेल. परंतु जे निर्माणच झाले नाही, ते निवडणार कसे?

बाजार जेथे थांबतो, तेथे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य सुरू होते. प्रसारभारतीच्या १९९० च्या कायद्याने प्रादेशिक भाषांना पुरेसे स्थान देण्याची व मुलांचे हित जपण्याची जबाबदारी या संस्थेवर टाकली आहे. मुंबई दूरदर्शन तर २ ऑक्टोबर १९७२ पासून आपल्या दारी आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुटीत एक तासाचा एक मराठी बालचित्रपट, एवढीच मागणी आहे. वेताळपंचविशी किंवा कॅरॉलची मूळ कथा यांना स्वामित्वशुल्क नाही. भागवत, मतकरी यांच्या कृतींसाठी वारसांना रास्त मोबदला द्यावा.

रस्ते, पाणी यांच्या खर्चाला आपण गुंतवणूक म्हणतो. मुलाच्या कल्पनाशक्तीवरील खर्चाला मात्र चैन म्हणतो. हा शब्दभेद आधी दूर झाला पाहिजे.